टॉर्क रेंच, आठ महिन्यांनंतर: मागची पट्टी नुसती शोभेला

बोल्ट ठरावीक जोरानंच आवळायचा हा पाना: मूठ फिरवून जोर लावून ठेवायचा, तेवढा झाला की क्लिक वाजतो. अर्धा इंची, क्लिकवाला, 28 ते 210 न्यूटन-मीटर (हे आवळण्याच्या जोराचं माप), 2,300 रुपये. नवा असताना मी याला पाच तारे दिले होते. गेल्या महिन्यात ऑइल बदलताना चेंबरचे (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचे) आटे गेले, म्हणून पुन्हा लिहायला बसलोय.

चूक माझीच, पण पान्यानं हातभार लावला. ड्रेन बोल्टला, म्हणजे ऑइल काढायच्या बोल्टला, 35 न्यूटन-मीटर हवे होते. दांड्याच्या एका अंगाला न्यूटन-मीटर, दुसऱ्या अंगाला फूट-पाउंड. मी गाडीखाली उताणा, पाना उलटा धरलेला, आणि 35 लावले ते फूट-पाउंडाच्या अंगाला. एक फूट-पाउंड म्हणजे 1.356 न्यूटन-मीटर, म्हणजे झाले 47 च्या वर. आटे आधीच दमलेले असणार. क्लिक वाजलाच नाही, बोल्ट नुसता गरगर फिरत राहिला. मेस्त्रीनं मोठे आटे पाडून जाड बोल्ट बसवला, 850 रुपये.

नंतर उजेडात फूट-पाउंडाची पट्टी नीट पाहिली. 31.0, 41.3, 51.6, 62.0. असले आकडे कोण लावतं? ते 42, 56, 70 आणि 84 न्यूटन-मीटरचं भाषांतर आहे. मूठ एक फेरा फिरवली की 14 न्यूटन-मीटर वाढतात आणि मुठीवरच्या बारीक रेघाही न्यूटन-मीटरच्याच. म्हणजे फूट-पाउंडात 31 आणि 41.3 यांच्या मधलं काहीही लावायचं तर अंदाजपंचे! विक्रेत्याला फोन केला, तर म्हणे, "साहेब, दोन्ही स्केल आहेत ना?" आहेत. भिंतीवर बंद घड्याळही असतंच की.

रागाच्या भरात गाडीचं मॅन्युअलही उलटंपालटं केलं. चाकाच्या नटाला एकच जोर तीन मापांत: 85 न्यूटन-मीटर, 8.5 केजी-मीटर, 61.5 फूट-पाउंड. एक केजी-मीटर म्हणजे 9.81 न्यूटन-मीटर, त्या हिशेबानं शेवटचे दोन्ही आकडे 83.4 होतात. छापणाऱ्यांनी सरळ दहानं भागलंय! त्यांनाही दोन शब्द सुनावणार होतो, पण अशा पान्याला अधिक-उणे 4 टक्के चूक मान्यच असते आणि हा फरक जेमतेम 2 टक्क्यांचा. राग गिळला.

मग पानाच तपासायचं ठरवलं. कॅलिब्रेशनवाल्यानं 1,200 सांगितले, म्हणजे पान्याच्या निम्मे! घरीच केलं. चौकोनी टोक व्हाइसमध्ये आवळलं, दांडा आडवा, मूठ 84 वर. भाच्याच्या जिमच्या दहा-दहा किलोच्या दोन चकत्या दोरीनं लटकवल्या आणि दोरी हळूहळू बाहेर सरकवत गेलो. टोकाच्या मध्यापासून 41 सेंटिमीटरवर खट्! 20 किलो गुणिले 0.41 गुणिले 9.81, म्हणजे 80.4. दांड्याच्या स्वतःच्या वजनाचे तीनेक धरले की 83 च्या वर. 2,300 रुपयांत हे? मी गारच पडलो. आणि केजी-मीटर म्हणजे काय ते पन्नाशीत पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

तर तारे चार. चाकं, ड्रेन बोल्ट यांना बिनधास्त घ्या. इंजिनच्या कव्हरच्या 10 न्यूटन-मीटरवाल्या बारक्या बोल्टांना हा चालत नाही, त्याची सुरुवातच 28 ला होते. काम झालं की मूठ 28 वर आणून ठेवा, नाहीतर स्प्रिंग ढिली पडते. फूट-पाउंडाच्या पट्टीवर मी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलीय. शेजारी परवा गंजलेला नट सोडवायला मागायला आले होते, त्यांना साधा पाना दिला.