श्रीनगर ते कन्याकुमारी: 26 इंची स्टीलच्या सायकलचा दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या जुलैत ही सायकल घेतली. आज मीटरवर सात हजारांवर किलोमीटर आहेत. त्यातले 3,688 श्रीनगर ते कन्याकुमारीचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात एका मित्राबरोबर गेलो होतो, 41 दिवस चालवत आणि 5 दिवस विश्रांती. बाकीचे इथले, ग्वाल्हेरातले. सायकल घेताना मी जे वाचून, विचारून ठरवलं होतं त्यातलं बरंचसं रस्त्यावर खरं ठरलं. एक गोष्ट मात्र मला कोणीच सांगितली नव्हती, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची निघाली. म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आधी सायकल. स्टीलची फ्रेम, 26 इंची चाकं, दोन्हीकडे 36 स्पोक, पुढे तीन दातेरी चकत्या (42-34-24 दात्यांच्या), मागे सात गिअरचं फ्रीव्हील, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच (14 ते 34 दाते), साधे व्ही-ब्रेक, म्हणजे रिमला रबर दाबणारे. वजन रिकामी असताना साडेपंधरा किलो. दुकानात लोक ती उचलून बघतात आणि खाली ठेवतात. माझ्या मित्राने अ‍ॅल्युमिनियमची हायब्रिड घेतली: 700सी मापाची, माझ्यापेक्षा मोठी चाकं, मागे 32 स्पोक, डिस्क ब्रेक, जेमतेम बारा किलो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या सपाट रस्त्यांवर तो माझ्यापुढे सहज निघून जायचा. ऑगस्ट-सप्टेंबरात आम्ही रोज सकाळी सराव केला. तिघऱ्याच्या धरणापर्यंत जाऊन येणं, रविवारी दतिया, आणि आठवड्यातून दोनदा पॅनिअरमध्ये, म्हणजे कॅरिअरच्या बाजूंना लटकणाऱ्या बॅगांमध्ये, विटा भरून उरवाई गेटने किल्ल्यावर. ज्यांना असा प्रवास करायचाय त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की सराव भरल्या बॅगांनीच करा. रिकामी सायकल आणि चौदा किलो सामान लादलेली सायकल ही दोन वेगळी वाहनं आहेत. उतारावर वळताना हे फार लवकर कळतं.

रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 44. कागदावर 3,745 किलोमीटर. 2010च्या फेरक्रमांकात सात जुने महामार्ग जोडून तो झाला. आमच्या घराजवळून जातो त्या तुकड्याला ग्वाल्हेरची जुनी माणसं अजून आग्रा-बॉम्बे रोडच म्हणतात. म्हणजे आमच्या प्रवासाची गंमत अशी होती की देशाच्या वरच्या टोकाहून निघून तेराव्या दिवशी आम्ही आपल्याच घरी पोचणार होतो, आणि अजून दोन तृतीयांश वाट पुढे बाकी असणार होती. त्याबद्दल पुढे लिहितो.

जम्मू-काश्मीरचे पहिले तीन दिवस ही सायकलची खरी परीक्षा. काझीगुंड-बनिहालचा नवा बोगदा जवळजवळ साडेआठ किलोमीटरचा आहे. त्यात सायकल घालायची नाही हे घरूनच ठरलं होतं, म्हणून तेवढं अंतर पिकअपमध्ये केलं. चेनानी-नाशरीचा तर नऊ किलोमीटरहून लांब. तो टाळून आम्ही रामबनहून बटोट करत पत्नीटॉपच्या जुन्या रस्त्याने चढलो. दोन हजार मीटरवर जायचं होतं. इथे पुढची 24 आणि मागची 34 दात्यांची जोडी कामाला आली. त्या गिअरमध्ये पेडलच्या एका फेऱ्याला सायकल दीड मीटरही पुढे जात नाही. चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जाता, पण बसून जाता, आणि गुडघे शाबूत राहतात. मित्राचा सगळ्यात हलका गिअर एका फेऱ्याला जवळजवळ दोन मीटर नेणारा. त्याच्या पायांत माझ्यापेक्षा जास्त ताकद आहे, तरी शेवटचे चार किलोमीटर तो सायकल हातात धरून चालला. मीही उतरून त्याच्याबरोबर चाललो. त्या संध्याकाळी देवदारांखाली आम्ही फारसं काही बोललो नाही, पण मला तो प्रवासातला सगळ्यात चांगला तास वाटतो.

उधमपूरकडच्या उतारात माझ्या ब्रेकची रबरं निम्मी झिजली. दुसऱ्या दिवशी जम्मूत साध्या दुकानात नवी जोडी मिळाली आणि मी ती पाच मिनिटांत बसवली. मित्राचे डिस्क ब्रेक उतारावर माझ्यापेक्षा कितीतरी भरवशाचे होते, हे मान्य करतो. मात्र त्याचे पॅड आम्ही घरूनच दोन जोड्या नेले होते, कारण ते मधल्या गावांत मिळणार नव्हते. ज्यांना डिस्कच हवे असतील त्यांनी हे विसरू नये.

पंजाबात फगवाड्याच्या अलीकडे मित्राच्या मागच्या चाकाचा पहिला स्पोक तुटला. साखळीच्या बाजूचा. तो बहुतेक त्याच बाजूचा तुटतो, कारण मागे गिअर बसवायला जागा करून रिम एका बाजूला ओढलेला असतो आणि त्या बाजूच्या स्पोकांवर ताण जास्त येतो. त्यावर बॅगांचं वजन. सुदैवाने पुढचं मोठं शहर लुधियाना होतं, देशातल्या सायकलींचं माहेरघर. तिथल्या एका म्हाताऱ्या पाजींनी कॅसेट, म्हणजे मागच्या गिअरचा संच, काढून स्पोक घातला, चाकाचा आउट (डुलणं) काढला, आणि त्याच मापाचे दहा जादा स्पोक कापून, आटे पाडून हातात दिले. पैसे घेताना म्हणाले की एवढ्या वजनाला 36 तारांचं चाक पाहिजे होतं. माझ्या चाकाकडे बोट दाखवून म्हणाले, ‘ऐसा.’ मला त्यात आनंद व्हायला हवा होता, पण मित्राचा चेहरा बघून झाला नाही.

पानिपतला अर्धा दिवस थांबलो. ग्वाल्हेरच्या मराठी घरात वाढलेल्या माणसाला तिथून नुसतं निघून जाणं शक्य नाही. 14 जानेवारी 1761 ही तारीख आम्ही शाळेत पाठ केली ती परीक्षेसाठी नव्हे. काला अंबच्या स्मारकापाशी सायकली टेकवून बसलो. पायाला जखम होऊन पडलेल्या महादजी शिंद्यांना राणे खानाने बैलावर घालून सुखरूप आणलं, ही गोष्ट मित्राने मला तिथे पुन्हा सांगितली. लहानपणी आम्ही दोघांनी ती त्याच्याच आजीकडून ऐकली होती.

धौलपूरनंतर चंबळचा पूल ओलांडला, मुरैन्यात गजक घेतली आणि अंधार पडता पडता ग्वाल्हेर. दिवाळी चार दिवसांवर. मित्राच्या आईने, म्हणजे आमच्या काकूंनी, दारातच ओवाळलं आणि म्हणाल्या, ‘आता दिवाळी झाल्यावरच जा रे, एवढं काय अडलंय?’ आम्ही एक दिवस राहिलो. त्या एका दिवसात मला कळलं की प्रवास इथेच संपू शकतो. गादी, आंघोळीला गरम पाणी, आईच्या हातचं वरण. पाय आपोआप जड होतात. तुमचा रस्ता तुमच्या घरावरून जात असेल तर मी सांगेन, घरी राहू नका, निदान दोन रात्री तरी नकोच. दुसऱ्या पहाटे काकूंनी चिवडा, शंकरपाळे आणि चकल्यांचा दोन किलोचा डबा बांधून दिला, वर उटण्याची पुडी. नरक चतुर्दशीची पहाट आम्ही ललितपूरच्या लॉजवर साजरी केली. बादलीभर पाण्यात, उटणं लावून, एकमेकांच्या पाठीला तेल चोळून. बाहेर फटाके वाजत होते. तो डबा माझ्या बॅगेत सिवनीपर्यंत पुरला.

आता ती मुख्य गोष्ट.

कुरईचा घाट उतरून, पेंचच्या जंगलातून, जिथे रस्ता खांबांवर उचललाय आणि जनावरं खालून जातात, आम्ही नागपूरला आलो. तिथवर पंक्चर मोजून माझे चार आणि मित्राचे सहा. बहुतेक सगळे ट्रकच्या फुटलेल्या टायरांमधल्या केसाएवढ्या तारांनी. महामार्गाच्या कडेला त्या पडलेल्या असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि टायरमध्ये राहिल्या तर नवी ट्यूबही तासाभरात बसते. भुवया काढायचा छोटा चिमटा सोबत ठेवा, दुसरं कशानेही ती तार निघत नाही. बुंदेलखंडात बाभळीचे काटे आणि सराटे, ते निदान दिसतात तरी.

माझ्या ट्यूबचा वॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड आहे, त्यामुळे कुठल्याही पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर हवा भरता येते. मित्राचा बारीक फ्रेंच वॉल्व्ह. त्याला पितळेचं एक अ‍ॅडॉप्टर लावलं तरच हवा जाते. आदिलाबादच्या पुढे ते अ‍ॅडॉप्टर कुठेतरी पडलं. मग प्रत्येक वेळी हातपंप. ते चाललं असतं. पण निर्मलच्या आसपास खडीवरून जाताना त्याच्या मागच्या टायरची कड बोटभर फाटली. माझ्या कॅरिअरवर सुटा टायर बांधलेला होता, नवाकोरा, घरापासून वाहून आणलेला. तो 26चा. त्याचं चाक 700सीचं. टायर बसतो त्या जागी रिमचा व्यास माझा 559 मिलिमीटर, त्याचा 622. त्रेसष्ट मिलिमीटरसाठी तो टायर त्याच्या काहीच कामाचा नव्हता.

निर्मलमध्ये आम्ही चार दुकानं फिरलो. 26 इंची टायर सगळीकडे टांगलेले, साध्या उंच सायकलींचे 28 इंचीही होते. 700सी कोणाकडेच नाही. फाटलेल्या जागी आतून जुन्या ट्यूबचे दोन थर आणि थंड पेयाच्या बाटलीचा तुकडा घातला, आणि हवा कमी ठेवून हैदराबाद गाठलं. दोनशे किलोमीटर, तीन दिवस. त्या तीन दिवसांत मित्र दर दहा मिनिटांनी मागे वळून चाकाकडे बघायचा. कामारेड्डीत रात्री तो म्हणाला, ‘तू पुढे हो, मी बसने हैदराबादला येतो.’ मी नाही म्हटलं. आवाज चढला, दोघांचाही. सकाळी तो आधी उठून दोघांच्या चेनला तेल घालत बसला होता.

तर मला सांगायचंय ते हेच: मित्राबरोबर जाणार असाल तर दोघांच्या सायकली एका मापाच्या घ्या. चाकाचं माप एक, वॉल्व्ह एक, जमलं तर ब्रेकही एकाच प्रकारचे. कोणाची सायकल भारी, कोणाची हलकी, हा वाद दुकानात ठीक आहे. रस्त्यावर दोघांचा प्रवास हा जी सायकल आधी अडेल तिचा प्रवास असतो. माप एक असतं तर एक सुटा टायर, दोन ट्यूब आणि मूठभर स्पोक दोघांना पुरले असते. आम्ही प्रत्येक गोष्ट दोनदा वाहिली, आणि गरज पडली तेव्हा नेमकी चुकीची वस्तू हातात होती. मी सायकल निवडताना वाटेतल्या मिस्त्रीचा विचार केला, मित्राचा केला नाही. आम्ही एकत्र बसून घ्यायला हव्या होत्या.

माझी सायकलही काही निर्दोष नव्हती. कॅरिअरचा डावा सांधा लखनादौनजवळ तडकला. सायकलसोबत आलेलाच कॅरिअर होता तो, आणि त्यावर 25 किलो चालतात असं छापलेलं होतं. मी बाराच लादले होते. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात वेल्डिंग करून घेतलं. स्टील असल्यामुळे ते जमलं. कर्नूलच्या आधी मागचं चाक डुलायला लागलं, बघतो तर अ‍ॅक्सल वाकलेला. माझ्यासारख्या फ्रीव्हीलच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) उजवीकडचा बेअरिंग आत असतो आणि अ‍ॅक्सलचा बराच भाग बिनआधाराचा राहतो, त्यामुळे ओझ्याने तो वाकतो. कॅसेटच्या हबमध्ये हा त्रास कमी. इथे मित्राची सायकल सरस. कर्नूलच्या मिस्त्रीने गिअरच्या साध्या सायकलीचा अ‍ॅक्सल अर्ध्या तासात घातला. तोच आजही आहे. आणि वॉटरप्रूफ म्हणून घेतलेल्या पॅनिअरच्या शिवणी तमिळनाडूच्या पावसात गळल्या. तिकडे खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. कपडे आत प्लास्टिकच्या पिशव्यांत होते म्हणून वाचले.

बेंगळुरू ते सेलम फारसं लिहिण्यासारखं नाही. फक्त धर्मपुरीनंतरचा थोप्पूर घाट जपून उतरा, ट्रकचे ब्रेक तिथे तापतात. आम्ही पहाटे उतरलो, मी मागे, तो पुढे, कारण त्याचे ब्रेक चांगले. सपाटीवर वारा समोरून असला की दर पाच किलोमीटरला पुढचा बदलायचा, हा नियम अनंतपूरच्या माळावर लागला आणि शेवटपर्यंत टिकला. मागच्याला बरीच कमी मेहनत पडते. मुक्काम कुठे करायचा हे जो जास्त दमलेला असेल त्याने ठरवायचं, दुसऱ्याने कारण विचारायचं नाही. हा नियम कामारेड्डीनंतर केला. त्यानंतर एकदाही भांडण झालं नाही.

कन्याकुमारीला दुपारी पोचलो. समुद्रातला विवेकानंद खडक आणि शेजारचा 133 फुटी तिरुवल्लुवर दिसला तेव्हा मित्राने सायकल आडवी टाकली आणि मला मिठी मारली. दोघंही रडलो. 46 दिवसांत त्याचे पंक्चर अकरा, स्पोक पाच. माझे पंक्चर सात, स्पोक एकही नाही.

आता मी रोज याच सायकलने ठाठीपूरहून बाड्यावर कामाला जातो. चेन आणि फ्रीव्हील मार्चमध्ये बदललं, बॉटम ब्रॅकेट (पेडल फिरतात तिथलं बेअरिंग) कुरकुरतंय, ते या महिन्यात बघायचंय. फ्रेमचा रंग खालच्या नळीवर उडालाय, गंज नाही. मित्राने हायब्रिड पुतण्याला दिली आणि माझ्यासारखीच 26 इंची घेतली, त्याच वॉल्व्हची. रविवारी तिघऱ्याला जाताना आम्ही एकच सुटी ट्यूब नेतो, आणि ती त्याच्याकडे असते.