कुस्ती मैदानाचे परवाने आणि कर: टिळकवाडीतील एका सल्लागार कार्यालयाची सेवा

यात्रेतील कुस्ती मैदान यंदा तिकीट लावून भरवायचे ठरल्यावर आमच्या कमिटीने परवाने आणि कराचे काम बेळगावच्या टिळकवाडीतील एका सल्लागार कार्यालयाकडे सोपवले. काम एकंदरीत चोख झाले. एका बाबतीतली ढिलाई मात्र आम्हाला महागात पडली.

सर्वांत उपयोगी ठरला तो तिकिटाच्या दराविषयीचा सल्ला. खेळाच्या कार्यक्रमाचे तिकीट माणशी 500 रुपयांपर्यंत असेल, तर त्यावर जीएसटी लागत नाही. ही मर्यादा पूर्वी 250 रुपये होती आणि जानेवारी 2018 मध्ये ती वाढवण्यात आली. आखाड्यालगतच्या खुर्च्यांना आम्ही 600 रुपये लावणार होतो, ते त्यांनी 500 वर आणायला लावले. देणगीदारांच्या फलकांचा मसुदाही त्यांनी ओळीओळीने तपासला: 'अमुक यांजकडून दुसऱ्या क्रमांकाचे इनाम' ही ओळ राहू दिली, पण तिच्याखालचा दुकानाचा पत्ता आणि 'लग्नबस्त्यावर खास सवलत' हा मजकूर जाहिरात ठरेल म्हणून तो वेगळा काढून त्याची स्वतंत्र पावती करायला सांगितली. पोलीस परवानगीचे आणि ध्वनिक्षेपकाचे कन्नड अर्ज भरताना प्रत्येक रकाना मराठीत समजावून दिला, याचे मोल सीमाभागातील कमिट्यांना वेगळे सांगायला नको.

तक्रार आहे ती इराणी पैलवानाच्या मानधनाबद्दल. अनिवासी परदेशी खेळाडूला पैसे देताना 20 टक्के आयकर आणि त्या करावर 4 टक्के उपकर कापून भरण्याची जबाबदारी आयोजकाची असते. मध्यस्थाशी आमचा व्यवहार 'हातात एक लाख' असा ठरला होता आणि तसे आम्ही कार्यालयाला पहिल्याच बैठकीत सांगितले होते. तरी हा खर्च करासह सुमारे 1 लाख 26 हजारांवर जाईल, हे त्यांनी लढतीची जोड जाहीर होऊन हँडबिले वाटून झाल्यावर कळवले. वरचे 26 हजार वर्गणीतून भरावे लागले.

वैद्यकीय बाजू त्यांच्या यादीत 'रुग्णवाहिका' या एका शब्दात आटोपते. अमेरिकेतील नेवाडा राज्य व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या आयोजकाकडून प्रवेशशुल्काच्या उत्पन्नावर 8 टक्के वसूल करते, पण त्या देशात 1996 च्या संघीय कायद्यानुसार रिंगणाशेजारी डॉक्टर आणि प्रत्येक मुष्टियोद्ध्याचा आरोग्य विमाही सक्तीचा आहे. कर्नाटकात मैदानी कुस्तीच्या आयोजकांना परवाना देऊन अशा अटी घालणारे मंडळ नसल्यामुळे निदान सल्लागाराने तरी हा विषय काढायला हवा होता. अखेर एका वस्तादांच्या ओळखीतले हाडांचे डॉक्टर आम्हीच बोलावून आखाड्याजवळ बसवले.

शुल्क वाजवी आहे आणि त्याची पावती मिळते. तिकीट, देणग्या आणि परवाने एवढेच काम असेल, तर येथे जायला हरकत नाही. परदेशी पैलवान आणायचा असल्यास मात्र करकपातीचा आकडा त्यांच्याकडून लेखी घेतल्याशिवाय जोड ठरवू नये.