दप्तरात मावणारं वाद्य: सोप्रानो रेकॉर्डर, दोन वर्षांच्या वापरानंतर

रेकॉर्डर म्हणजे आवाज टेप करायचं यंत्र नव्हे, हे आधी सांगून टाकते. शाळेत खोकं उघडलं तेव्हा मुख्याध्यापकांनीही पहिला प्रश्न हाच विचारला होता. ही शिट्टीसारखं तोंड असलेली, उभी धरून वाजवायची नळी. पुढे सात भोकं, मागे अंगठ्यासाठी एक. पुढच्या सातांपैकी शेवटची दोन जोडीची, म्हणजे एकेका बोटाखाली दोन-दोन बारीक छिद्रं. वाद्य जुनं, युरोपातलं. मध्ये शंभराहून जास्त वर्षं अडगळीतच पडलं होतं. इंग्लंडमध्ये अर्नोल्ड डोल्मेच यांनी १९१९ मध्ये ते नव्याने घडवलं आणि पुढे प्लास्टिकचे रेकॉर्डर निघाल्यावर ते जगभरच्या शाळांत शिरलं.

मी गाणं शिकलेली बाई. वाद्याकडे वळले ते नाइलाजाने. बस जिथे संपते तिथून पुढे पाऊण तास चालत एक शाळा आहे, तिथे मी दर शनिवारी जाते. पहिलं वर्ष नुसतं गायन घेतलं. शनिवारी मुलं सुरात यायची आणि पुढच्या शनिवारपर्यंत सूर पुन्हा गुल. मधले सहा दिवस त्यांच्याजवळ सा सांगणारं काहीच नसे. शाळेत पेटी होती. कुणीतरी कधीतरी भेट दिलेली, कुलुपात ठेवलेली. कपाट उघडलं तर भात्याच्या कापडात उंदरांनी संसार मांडला होता. शेजारी एक कीबोर्ड होता, त्याचा अडॅप्टर हरवलेला. अडॅप्टर असता तरी वीज कधी येईल याचा नेम नव्हता. देणाऱ्यांना नावं ठेवत नाही, पण शाळेला दिलेलं वाद्य शाळेचंच राहतं. ते मुलाचं होत नाही.

म्हणून मला मुलाबरोबर घरी जाईल असं वाद्य हवं होतं. आम्ही मैत्रिणींनी वर्गणी काढून चोवीस प्लास्टिकचे सोप्रानो, म्हणजे लहान आकाराचे आणि उंच आवाजाचे, रेकॉर्डर घेतले. कंपनीचं नाव लिहीत नाही. मला काय आवडलं आणि काय खटकलं ते या जातीच्या सगळ्याच रेकॉर्डरना लागू पडेल.

खरेदीआधी एक गोष्ट कळून घ्या, नाहीतर पैसे चुकीच्या खोक्यात जातील. रेकॉर्डरच्या बोटांच्या दोन पद्धती आहेत, बरोक आणि जर्मन. जर्मन पद्धत १९२०च्या दशकात जर्मनीत पेटर हार्लान यांनी आणली, नवशिक्यांना एक स्वर सोपा व्हावा म्हणून. तो स्वर सोपा झाला, पण बाकीचे काही बिघडले. दुकानदार "शाळेसाठी ना? मग जर्मन घ्या" म्हणतात. ऐकू नका. नळीच्या पाठीवर बहुतेकदा बारीक इंग्रजी अक्षर कोरलेलं असतं, बी म्हणजे बरोक किंवा जी म्हणजे जर्मन. अक्षर नसेल तर पुढची भोकं वरून मोजा. चौथं भोक पाचव्यापेक्षा लहान असेल तर बरोक, पाचवं लहान असेल तर जर्मन.

आपल्याला बरोकच का, तर सा कुठे धरायचा यावर सगळं अवलंबून आहे. पुस्तकी रीतीने सी म्हणजे पेटीची पांढरी एक ही पट्टी धरून सा केला, तर सगळ्यात खालच्या स्वरासाठी आठही भोकं घट्ट झाकावी लागतात. तिसरीतल्या मुलाची करंगळी तिथवर पोचतच नाही, मग नळी किंचाळते आणि मूल रडकुंडीला येतं. मी सा धरला जी वर, पांढरी पाचवर. मागे अंगठा आणि पुढे तीन बोटं म्हणजे सा. शेवटचं बोट उचललं की रे, अजून एक उचललं की ग. सा ते प सगळं एका डाव्या हातात येतं! आणि या सा चा शुद्ध नी बरोक पद्धतीत सरळ लागतो, जर्मन नळीत तोच बेसूर. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दोन्ही प्रकारची एकेक नळी घेऊन स्वयंपाकघरात बसले आणि घरच्यांचे कान किटेपर्यंत वाजवून पाहिली, तेव्हा समजलं.

पांढरी पाचचा आणखी एक फायदा म्हणजे ती माझ्या गळ्याच्या पट्टीजवळ आहे, त्यामुळे गाणं आणि वाजवणं एकाच सा वर चालतं. अडचण इतकीच की नळीचा आवाज माझ्या गळ्याच्या दोन सप्तकं वर निघतो. काही मुलांना सुरुवातीला हा तोच सा आहे हेच पटेना. एकाने तर "बाई, तुमचा सा म्हातारा आहे" असं सांगून टाकलं.

आता खोक्यात काय येतं. तीन तुकड्यांची नळी, साफ करायची काडी, सांध्याला लावायच्या मलमाची डबी, कापडी पिशवी आणि बोटांचा तक्ता. तक्ता पाश्चात्त्य स्वरलिपीत असतो, म्हणजे आपल्या उपयोगाचा शून्य. मी पुठ्ठ्यावर आठ वर्तुळं काढून सा रे ग म चा आपला तक्ता केला. तो भिंतीवर आहे, आणि मुलांनी त्याच्या नकला वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतल्यात. मलम मोहरीएवढंच लावायचं. पहिल्या महिन्यात दोघांनी ते केसांना चोपडलं होतं.

फुंकण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण लोक इथेच हार मानतात. या नळीत पहिल्याच फुंकरीला आवाज निघतो. वरदानही तेच आणि शापही तेच. बासरीत आवाज काढायलाच कित्येक दिवस जातात, ओठांची ठेवण जमावी लागते, समोर जाणकार लागतो. इथे ओठांना कामच नाही, हवेची वाट तोंडाच्या तुकड्यात आधीच कोरलेली असते. मग मूल जीव खाऊन फुंकतं आणि सूर चढतो, फाटतो. दिव्याची ज्योत वाकेल पण विझणार नाही इतकंच फुंका, असं मी सांगते. प्रत्येक स्वर जिभेने सुटा करायचा असतो, त्यासाठी इंग्रजी पुस्तकांत टू-टू म्हणायला सांगतात. आपला दातांवरचा "तु" त्याहून चांगला, त्याने स्वर मऊ सुटतो. "थु" म्हणालात तर नळीत थुंकीच जाणार.

थुंकीवरून आठवलं. थोडा वेळ वाजवलं की हवेच्या वाटेत ओल धरते आणि आवाज घोगरा होतो. नळी आपटू नका. तोंडाच्या तुकड्यावर समोर जी चौकोनी खिडकी असते, तिच्यावर बोट दाबून एकदा जोरात फुंका, वाट मोकळी होते. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात थोडा साबण घालून धुवायचं. उकळत्या पाण्यात मात्र नको, प्लास्टिक वाकतं. आणि एक नळी दोन तोंडांना कधीच द्यायची नाही, म्हणजे जितकी मुलं तितक्या नळ्या. दहा घेऊन पाळीपाळीने वाजवू, असा हिशोब कोणी मांडत असेल तर तो इथेच सोडा.

चोवीस नळ्या एका खोलीत एकदम वाजल्या की काय होतं ते लिहून कळणार नाही. पलीकडच्या वर्गातल्या गुरुजींनी दुसऱ्याच शनिवारी येऊन हात जोडले. तेव्हापासून निम्मी मुलं वाजवतात आणि निम्मी नळी हनुवटीला टेकवून नुसती बोटं फिरवत तोंडाने सरगम म्हणतात. मग अदलाबदल. शिवाय मी हाताच्या खुणा आणल्या. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात जॉन कर्वेन यांनी सॉल्फासाठी, म्हणजे तिकडच्या सरगमसाठी, त्या वापरल्या, हंगेरीच्या झोल्तान कोडाय यांच्या पद्धतीमुळे त्या जगभर गेल्या. मूठ म्हणजे सा, आणि तिथून वर चढत प्रत्येक स्वराची वेगळी खूण. मी हात हलवायचा, वर्गाने मनात ऐकायचं आणि मग एकदाच वाजवायचं. यात शांतता मिळते ती मिळतेच, पण मुलांना स्वर वाजवण्याआधी ऐकायची सवय लागते. ही सवय नळीमुळे लागली नसती.

खोकं यायच्या आधीचा महिनाही फुकट गेला नाही. व्हेनेझुएलात होसे आंतोनियो आब्रेउ यांनी १९७५ मध्ये सुरू केलेल्या एल सिस्तेमा या संगीतशिक्षणाच्या उपक्रमात लहान मुलांना आधी कागदाची व्हायोलिनं हाताळायला देतात, असं वाचलं होतं. आम्ही जुन्या वर्तमानपत्रांच्या घट्ट सुरळ्या केल्या, त्यांवर शाईने भोकं काढली आणि महिनाभर बोटं बसवली. खरी नळी हातात आली तेव्हा बोटांना वाट ठाऊक होती. हे जरूर करा, खर्च काहीच नाही.

पहिला राग भूप. मंद्र ध, सा, रे, ग, प एवढ्यावर तीन महिने काढले. पंचम मात्र छळतो. त्यात अंगठाही उचलायचा असतो, पुढचंही एकच बोट उरतं, आणि नळी ओठ आणि उजव्या अंगठ्याच्या भरवशावर राहते. आमच्या वर्गात प आला की कुणाची ना कुणाची नळी धप्पकन खाली. तार सप्तकासाठी अंगठ्याचं भोक अर्धं उघडायचं असतं, नखाएवढी फट ठेवून. दोन वर्षांनी चोवीसपैकी नऊ जणांना ते जमतं.

खटकणाऱ्या गोष्टी. मींड नाही. बोट सरकवून थोडीफार ओढाताण करता येते, पण एका स्वरातून दुसऱ्यात विरघळत जाणं या नळीचा स्वभाव नाही. आमच्या गाण्याचा अर्धा जीव तिथे असतो, म्हणून मला ते दर शनिवारी टोचतं आणि शेवटची वीस मिनिटं नळ्या पिशवीत घालायला लावून मी गळ्यानेच गाऊन घेते. थंडीत सूर उतरतो. वाजवण्याआधी तोंडाचा तुकडा काखेत धरून गरम करायचा, सकाळी सगळा वर्ग काखेत नळ्या घेऊन बसलेला असतो. आणि आवाज मुळात तीक्ष्ण आहे, तो मऊ होतो असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. तो सहन करायला शिकावं लागतं.

टिकाऊपणाला मात्र पैकीच्या पैकी. चोवीसपैकी एक सायकलच्या चाकाखाली गेली, तीन हरवल्या, त्यातली एक नंतर गवतात सापडली आणि धुतल्यावर वाजली.

या नळ्या मी पहिल्याच दिवशी मुलांच्या नावावर घरी दिल्या. शाळेतून विरोध झाला, हरवतील म्हणून. हरवल्याच ना तीन. पण कपाटातली पेटी कुणी हरवली नव्हती, आणि तिच्यातून एक सा कुणाला मिळाला नव्हता.

गेल्या महिन्यात सहावीतली एक मुलगी धाकट्या भावाला घेऊन आली. तिने त्याला घरी शिकवलं होतं, समोरासमोर बसून. साहजिकच तो तिला आरशासारखा बघत शिकला, उजवा हात वर आणि डावा खाली. हे पुढे जड जातं, शेवटचा तुकडा उजव्या करंगळीच्या बाजूला वळवून ठेवलेला असतो. हात बदल, असं सांगायला मी त्याच्याजवळ गेले. त्याने तो तुकडा आधीच फिरवून डाव्या करंगळीखाली आणून ठेवला होता. सहाव्या भोकाची जोडी तरीही उलटीच पडणार, हे मला माहीत होतं. पण तो सा रे ग वाजवत होता आणि तिन्ही सुरात होते, म्हणून हात बदलायचं पुढच्या शनिवारवर टाकलं.