रानडुकरांसाठी बंदूक की झटका मशीन?

भुईमूग भरायला लागला की डुकरं येतात. सकाळी वावरात गेलं की नांगर फिरवल्यासारखी माती उलथलेली, वेल उताणे आणि शेंगांची फोलपटं. मग पारावर दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, परवानेवाल्याला बोलव, दोन पाडले की कळप फिरकणार नाही. दुसरा म्हणतो, झटका मशीन बसव, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचा हलका ठोका सोडणारं यंत्र.

बंदुकीत पहिली गफलत कागदाची होते. शेतीसंरक्षणाचा बंदूक परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याखाली डुक्कर मारायला वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि पडलेलं जनावर सरकारचं. वाटे घातले की गुन्हा. त्यामुळे शनिवारी शहरातून जीप घेऊन येणाऱ्या हौशी मित्राला चहा पाजा आणि परत पाठवा. त्याला डुक्कर हवं असतं, आपल्याला पीक.

केरळने २०२२ मध्ये हा गुंता बरा सोडवला. परवानगीचा अधिकार स्थानिक संस्थेच्या प्रमुखाकडे दिला, गोळी परवानाधारकाने घालायची, पण मांस कुणालाच नाही. धूड पुरून टाकायचं. हौस वजा केली की किती जण रात्र जागवायला तयार होतात, ते आपल्या गावात विचारून बघा. बिहारमध्ये २०१६ साली मोकामा भागात बाहेरचे नेमबाज आणून दोनशेहून जास्त नीलगायी मारल्या, तेव्हा त्या मारण्यावरून मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर हे केंद्रातल्या एकाच सरकारातले दोन मंत्री जाहीरपणे भांडले होते.

कागद जमला तरी अंधार आहेच. एक बार झाला की कळप फुटतो आणि शेजारच्या मक्यात शिरतो. मादी तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवसांत विते, एका वेळी चार-सहा पिल्लं. दोन पाडून हिशेब मिटत नाही. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. २०२४ ची विधानसभा तर ऐन सुगीत आली.

मी झटक्याच्या बाजूचा. पण बसवलं आणि विसरलं, असं हे काम नाही. खालची तार जमिनीपासून वीतभर, डुकराच्या नाकाला लागेल अशी, वरची हातभर. मशीन सेकंदा-सेकंदाला ठोका देतं, टक्... टक्... पावसात गवत तारेला टेकलं की करंट जमिनीत उतरतो आणि बॅटरी बसते. श्रावणात माझं कापायचं तीन दिवस राहिलं, चौथ्या रात्री दोन सरी साफ. विळा जवळ ठेवायचा. खांबावरची लाईट मात्र थेट तारेत कधीच सोडू नका. त्यात दरवर्षी माणसं मरतात, बऱ्याचदा घरचीच.

श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं, पण गाव यादीत आहे का ते वनरक्षकाला आधी विचारा.

साड्या बांधणं, डबे वाजवणं आठवडाभर चालतं. मग डुकरं सरावतात.

तार असूनही एखादा सुळेवाला नर रोज घुसत असेल, तर परवानगीचा अर्ज जरूर करा. तेवढ्यापुरती बंदूक मला पटते. मशीन घेण्याआधी बांधकऱ्याशी बोला. दोघांच्या वावरांना मिळून एकच वेढा घातला, तर मधल्या बांधाची तार वाचते आणि गवत कापायला चार हात होतात.