तीन ऋतूंनंतर : आमच्या सीएनजी गाडीचं टाकीचं झाकण

गाडीचे रिव्ह्यू वाचले की मायलेज, डिकी, सनरूफ, टचस्क्रीन किती इंचांचा, सगळं कळतं. टाकीचं झाकण कसं आहे ते मात्र कोणी लिहीत नाही. पेट्रोल गाडीत ते खपून जातं, महिन्यातून दोन-तीनदा पंपावर जायचं असतं. सीएनजीचं गणित वेगळं. सिलिंडर ६० लिटरचा असं शोरूममध्ये सांगतात, पण ती पाण्याच्या मापाने क्षमता; गॅस बसतो आठ-नऊ किलो. धायरीहून हिंजवडीला रोज जा-ये असेल तर दर तीन-चार दिवसांनी रांगेत उभं राहणं आलंच. म्हणजे सनरूफ मी वर्षातून जितक्या वेळा उघडेन त्याहून जास्त वेळा टाकीचं झाकण दोन महिन्यांत उघडते. म्हणून हा सगळा रिव्ह्यू त्या एका झाकणाचा. गाडीचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये.

आधी चांगलं सांगते. कंपनी-फिटेड किट असल्यामुळे गॅस भरायचा व्हॉल्व्ह पेट्रोलच्या तोंडाशेजारीच, एकाच झाकणाखाली आहे. बाहेरून किट बसवलेल्या बऱ्याच गाड्यांत तो बॉनेटखाली असतो. दरवेळी खाली उतरा, बॉनेट उचला, दांडी लावा, गरम इंजिनावर वाकून पंपावरचा माणूस नळी जोडणार. ती कटकट इथे नाही. शेजारीच सिलिंडरच्या माहितीची पट्टी आहे, त्यावर हायड्रो टेस्टची, म्हणजे सिलिंडर दाब सोसतो का याच्या पाण्याने केलेल्या तपासणीची तारीख. दर तीन वर्षांनी ही तपासणी करावी लागते, आणि तारीख उलटलेली दिसली तर पंपावर गॅस नाकारतात. पट्टी उघड्यावर असल्याने कागद शोधावे लागत नाहीत. इथवर उत्तम.

आता खटका. चालकाच्या सीटच्या उजवीकडे खाली दोन खटके शेजारी-शेजारी आहेत, एक डिकीचा, एक टाकीचा. दोन्ही काळे, दोन्ही एकाच आकाराचे, वरची चित्रं अंधारात दिसत नाहीत. आमच्याकडे गाडी चालवणारे तीन जण आहेत आणि तिघांच्याही हातून पंपावर डिकी उघडलेली आहे. एक खटका लाल किंवा नुसता खरखरीत केला असता तर किती पैसे गेले असते? आमच्या जुन्या गाडीला किल्लीचं झाकण होतं. किल्ली पंपावरच्या पोराच्या हातात द्यायची, तो परत करेपर्यंत इंजिन बंद. त्यात वेगळी कटकट होती, पण डिकी तरी उघडत नव्हती.

खटका ओढला की झाकण टुणकन बाहेर यायला हवं. पहिल्या पावसाळ्यापर्यंत ते येत होतं. गणपतीला आम्ही उंब्रज-पाटणवरून कुंभार्ली घाटाने चिपळूणला गेलो. दहा दिवस लाल माती आणि पाऊस. तिथून आल्यापासून स्प्रिंगने अंगच चोरलंय. आत केबल सुटल्याचा आवाज येतो, झाकण जागचं हलत नाही. मग एकाने आत बसून खटका ओढून धरायचा आणि दुसऱ्याने बाहेरून झाकणावर तळहात दाबून सोडायचा. एकटी असले की ही कवायत पंपावरच्या दादांबरोबर करावी लागते. आता ते मला ओळखतात. गाडी लागताच विचारतात, "ताई, दाबू का?"

याच मातीने दुसरा उद्योगही केला. झाकणाच्या आतल्या खोलगट भागाला तळाशी एक बारीक भोक असतं, आत शिरलेलं पावसाचं पाणी खाली निघून जावं म्हणून. ते चिखलाने बुजलं की पाणी पेट्रोलच्या तोंडाभोवती साचून राहतं, आणि आतलं झाकण फिरवलं की थेंब आत जायला तयारच. पूर्वी याचं कोणाला फारसं वाटलं नसतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी त्यात मुरून जातं, पण प्रमाणाबाहेर गेलं तर पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात, नेमकं जिथून पंप इंधन उचलतो तिथे. झाकणाच्या आतल्या बाजूला ई-२० चा स्टिकर ऐटीत लावलाय. त्याच्याच खाली निचऱ्याचं भोक एवढं बारीक की साधी काडीही अडकते. पावसाळ्यात आठवड्याला एकदा जुन्या टूथब्रशने साफ करते. हे काम मॅन्युअलमध्ये कुठेही लिहिलेलं नाही.

आणि आता ज्याच्यासाठी मुळात लिहायला बसले तो मायक्रोस्विच.

टाकीचं झाकण उघडं असेल तर गाडी सुरू होत नाही, अशी सोय कंपनीच्या सीएनजी गाड्यांमध्ये असते. कारण रास्त आहे. गॅस २०० बारच्या आसपास दाबाने भरला जातो. नळी जोडलेली असताना कोणी घाईत गाडी पुढे काढली तर काय होईल याचा विचार न केलेलाच बरा. त्यामुळे सोय हवीच, तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ती बसवली कशी आहे याबद्दल. झाकणाच्या आतल्या अंगाला प्लास्टिकचा एक छोटा उंचवटा आहे, झाकण बंद झालं की तो बॉडीतलं छोटं बटण, म्हणजेच मायक्रोस्विच, दाबतो. बिजागरी नवी होती तोवर सगळं नेमकं बसत होतं. दर तीन-चार दिवसांनी कोणीतरी घाईत आपटून बंद करणार, तेव्हा बिजागरी सैल व्हायचीच. आता झाकण बंद होतं, बॉडीला सपाट बसलेलं दिसतं, लॉकही लागतं, पण उंचवटा बटणापर्यंत पोचत नाही. केसाएवढा फरक. गाडीच्या हिशेबाने झाकण उघडंच.

मग काय होतं? पैसे दिले, सगळे गाडीत बसले, स्टार्टचं बटण दाबलं, आणि शांतता. स्टार्टर फिरतही नाही. पहिल्यांदा वाटतं बॅटरी गेली. स्क्रीनवर झाकणाचं चित्र येतं पण तेही अंगठ्याच्या नखाएवढं. मागे वीस-पंचवीस रिक्षा आणि टॅक्सी, सगळ्यांचे हॉर्न. गॅस भरताना सगळ्यांना गाडीतून खाली उतरावं लागतं, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या सासूबाई नुकत्या मोठ्या मुश्किलीने परत आत बसलेल्या असतात. मी पुन्हा उतरायचं, झाकणाच्या खालच्या कोपऱ्यावर मूठ मारायची, परत येऊन बटण दाबायचं. मारायची जागा खालचा डावा कोपराच. मध्यभागी मारून उपयोग नाही.

सर्व्हिस सेंटरने झाकण 'अ‍ॅडजस्ट' करून दिलं. पंधरवडा बरा गेला. पुन्हा नेल्यावर सल्ला मिळाला, "मॅडम, पंपवाल्याला हळू बंद करायला सांगत जा." सीएनजीच्या रांगेत, संध्याकाळी साडेसातला! जो माणूस दिवसभर हेच करतो त्याचा हात जड पडणार हे गृहीत धरूनच बिजागरी बनवायला हवी. रेल्वेच्या डब्याचं दार कोणी हळू लावतं का?

गॅसच्या व्हॉल्व्हवर धूळ जाऊ नये म्हणून रबरी बूच असतं, पातळ रबरी पट्टीने बांधलेलं. आमची पट्टी दिवाळीच्या आधीच तुटली. आता बूच सुटं आहे आणि ते कुठे ठेवायचं हा प्रश्न दरवेळी नवा असतो. बहुतेक वेळा पंपाच्या मशीनवर ठेवलं जातं आणि तिथेच राहतं. बूच नसलं तर व्हॉल्व्हच्या तोंडात धूळ बसते, पुढच्या वेळी नळी जोडताना आतली रबरी रिंग घासते, मग भरताना फुसफुस. सुटं बूच तसं स्वस्त मिळतं. मी दोन जास्तीची आणून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलीत.

पेट्रोलच्या झाकणाची तऱ्हा उलटी. ते वापरलंच जात नाही, म्हणून त्रास. गाडी गॅसवर चालते, पेट्रोल महिना-दीड महिना तसंच, आणि झाकणाची रबरी रिंग तोंडाला चिकटून बसते. उघडताना दोन्ही हातांनी पिळावं लागतं, मग फस्स. हा आवाज ऐकून आमचे काका दरवेळी दचकतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पेट्रोलची वाफ बाहेर हवेत सुटू नये म्हणून टाकी बंदिस्त ठेवतात, वाफ कोळशाच्या डब्यात शोषली जाते आणि नंतर इंजिनात जाळली जाते. टाकीत थोडाफार दाब राहणारच. झाकण काढल्यावर अडकवायला मात्र जागा नाही. इतर गाड्यांत त्यासाठी बाहेरच्या झाकणाच्या आत एक खाच असते. आमच्या गाडीत ती जागा गॅसच्या व्हॉल्व्हने खाल्ली. झाकण दोरीला लोंबकळतं, थेंब रंगावर पडतात, आणि पांढऱ्या गाडीवर त्याचे पिवळट ओघळ दिसतात.

त्यावर पुन्हा 'राउंड फिगर'. नॉझलच्या टोकाला एक बारीक भोक असतं, पेट्रोल तिथवर चढलं की हवा अडते आणि नॉझल आपोआप बंद होतं. म्हणजे टाकी भरली. त्यानंतर "दोन हजार करतो ना" म्हणत जे थेंब-थेंब घालतात ते कोळशाच्या डब्याकडे जाऊ शकतात, आणि तो डबा वाफेसाठी आहे, पेट्रोलसाठी नाही. त्यात आमच्या गाडीच्या नळीला असं वळण आहे की फेस वर येतो आणि पूर्ण वेगाने भरलं तर टाकी अर्धी असतानाच टकटक सुरू होते. पंपवाल्याला वाटतं भरली. त्याला म्हणावं लागतं, "दादा, हळू सोडा."

डाव्या-उजव्याचा वाद मला पटत नाही. आमचं झाकण डावीकडे आहे, बहुतेक जपानी गाड्यांसारखं. स्कोडा-फोक्सवॅगनवाले उजवीकडे देतात. कुठलीही बाजू चालेल, फक्त लक्षात राहायला हवी. टाकी कुठल्या बाजूला आहे ते दाखवणाऱ्या, इंधनाच्या काट्याशेजारच्या छोट्या बाणाची कल्पना फोर्डमधल्या जिम मॉयलन या माणसाने १९८६ मध्ये कंपनीला लिहून कळवली होती. पावसात भिजत पंपावर चुकीच्या बाजूला गाडी लावल्यावर त्याला ती सुचली. असा एक माणूस आमच्या कंपनीत हिंजवडीच्या रांगेत उभा राहिला असता तर मायक्रोस्विच वेगळ्या जागी असता.

बाकी गाडी छान आहे. एसी लावून चढावर दम लागतो, पण ते सीएनजीत चालायचंच.

बुकिंगआधी एक करा. विक्रेता टचस्क्रीन दाखवत असेल तेव्हा त्याला सांगा की टाकीचं झाकण उघडा. तुम्ही आत बसून खटका ओढा आणि सोबतच्या कोणाला तरी बाहेर उभं करा. झाकण स्वतःहून बोटभर बाहेर आलं पाहिजे. मग एका बोटाने, कोपऱ्यातून, अगदी आळसाने बंद करा आणि गाडी सुरू करा. नंतर झाकण उघडं ठेवून पकडून वर-खाली हलवून पाहा, बिजागरीत खेळ आहे का ते तिथेच कळतं. डेमोसाठी वापरलेली गाडी असेल तर आणखी उत्तम, कारण ती बऱ्याच जणांनी आपटलेली असते. आमच्या शोरूममध्ये डेमो गाडी पेट्रोलची होती.