एक्सटी५००च्या इंजिनावर एसआर५००चं हेड: बरेच महिने चालवल्यानंतर

गेल्या आठवड्यात ब्लॉकच्या बुडाशी पुन्हा तेल झिरपलेलं दिसलं आणि डोकंच फिरलं. माझ्या मोटारसायकलच्या इंजिनाचा खालचा भाग १९७६च्या यामाहा एक्सटी५००चा, वर यामाहाच्याच एसआर५००चं हेड, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यावरचा भाग. चिखल, खडी, उभे चढ, सगळं या इंजिनाने मुकाट्याने सोसलं. त्रास दिला तो सगळ्यात स्वस्त वस्तूने, ब्लॉकच्या पॅकिंगने, म्हणजे सिलिंडरचा ब्लॉक आणि खालचा भाग यांच्या सांध्यात बसणाऱ्या पातळ थराने. 'सगळ्या वर्षांना बसतं' असं सांगून विकलेला सेट होता. त्याच सेटमधलं शिल्लक कोरं पॅकिंग मायक्रोमीटरवर धरलं, तर एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ! बोल्टची भोकं जुळली म्हणजे पार्ट बसला, असं समजून माल विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

प्रश्न नुसत्या तेलाचा नाही. या इंजिनात कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, वर हेडमध्ये आहे आणि तो चेनवर फिरतो. पॅकिंग जाड निघालं की ब्लॉक आणि हेड दोन्ही वर सरकतात, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) उतरतं आणि कॅमचं टायमिंगही, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ, किंचित मागे पडतं. मग माणूस कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, दोष शोधत बसतो.

म्हणून सांगतो, वर्ष विचारू नका, पार्ट नंबर विचारा. यामाहाच्या नंबरात पहिली तीन अक्षरं मॉडेलची असतात: ५८३ म्हणजे टीटी५००, १ई६ म्हणजे एक्सटी५००, २जे४ म्हणजे एसआर५००. मधले पाच आकडे पार्ट कोणता ते सांगतात. ब्लॉकचं पॅकिंग ११३५१, हेडचं १११८१. शेवटचे दोन आकडे सुधारणेचे. एसआरच्या पार्ट-बुकात ५८३ने सुरू होणारा नंबर दिसला, की तो पार्ट जुन्या ५००वरूनच आलाय हे कळतं. शेवटचे आकडे बदललेले असतील तर जुना आणि नवा शेजारी ठेवून मोजल्याशिवाय हात लावू नये.

बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) सारखा म्हणून पार्ट सारखा, हा दुसरा सापळा. एसआर४०० आणि ५००, दोघांचाही बोअर ८७ मिमी. पण स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ४००चा ६७.२, ५००चा ८४. फरक १६.८, त्याचा निम्मा ८.४. रॉड आणि पिस्टनची उंची तीच ठेवून ५००मध्ये ४००ची क्रँक (पिस्टनला वर-खाली नेणारा दांडा) घातली, तर पिस्टन वरच्या टोकाला ८.४ मिमी खालीच थांबेल. मला अशी क्रँक 'डिट्टो तीच' म्हणून दाखवली होती. घेतली नाही.

कार्ब्युरेटरबद्दल मात्र माझं मत बदललं. हेडबरोबर एसआरचा ३४ मिमीचा मिकुनी कंपनीचा कार्ब्युरेटर लावला होता आणि सुरुवातीचे काही आठवडे त्याचं कौतुक करताना थकत नव्हतो. मोकळ्या रस्त्यावर गाडी सुसाट पळायची. पण दगडांच्या चढावर, कमी आरपीएमवर अचानक थ्रॉटल दिला की इंजिन क्षणभर गुदमरायचं, आणि नेमकं तिथेच पाय टेकावा लागायचा. परत एक्सटीचा ३२ लावला. वरचा थोडा जोर गेला, पण चढावर गाडी पुन्हा शहाण्यासारखी वागते. १९७९ आणि १९८० साली फ्रेंच स्वार सिरिल नेव्हूने पॅरिस-डाकार रॅली जिंकली ती एक्सटी५००वरच. या इंजिनाचं बळ खालच्या ओढीत आहे, ते कशाला घालवायचं?

कॅम आणि त्यावर घासणारे रॉकर एकाच इंजिनातले घेतले होते. परवा कव्हर काढून बघितलं, कॅमच्या नाकावर एक ओरखडा नाही. एकमेकांवर घासून बसलेली जोडी फोडू नये. गिअरचंही तेच, आणि क्रँककेसच्या, म्हणजे क्रँक बसते त्या खोक्याच्या, दोन अर्ध्यांचं तर फारच, कारण त्यांची बेअरिंगची घरं जोडीनेच कापलेली असतात. इग्निशनला, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेला, मी हात लावला नाही. एक्सटीचं सहा व्होल्टचं पॉइंटवालं, एसआरचं बारा व्होल्टचं सीडीआय (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक). अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं चालत नाही.

आता ११३५१चं कंपनीचं पॅकिंग मागवलंय. त्यासाठी हेडसकट सगळं पुन्हा उतरवायचं, म्हणजे हेडचं चांगलं पॅकिंगही फुकट गेलं. उरलेला 'सगळ्या वर्षांचा' सेट कोणाला देणारही नाही.