बांबूच्या वाघामागे कोणतं चुंबक लावायचं?

ताडोब्याच्या मोहर्ली गेटपाशी विकायला फ्रिजवर चिकटणारे बांबूचे छोटे वाघ करायचे, इथवर बचत गटातल्या बायांचं एकमत झालं. घोडं अडलं ते चुंबकापाशी. म्हणून बाजारातले तिन्ही प्रकार आणले आणि घरच्या फ्रिजवर लावून पाहिले.

रबरी शीट सगळ्यात स्वस्त, कात्रीनं कापता येते. फेराइट नावाच्या चुंबकी पदार्थाची पूड रबरात किंवा प्लास्टिकमध्ये मळून ती लाटलेली असते. तिच्यात उत्तर-दक्षिण ध्रुवांचे बारीक पट्टे आलटून-पालटून असे उमटवतात, की जोर एकाच बाजूला राहतो. दोन तुकड्यांच्या त्या बाजू एकमेकींवर घासा, एका दिशेनं टकटक अडखळतात. फ्रिजच्या दाराच्या रबरातही हीच जात. पण पट्टे बारीक, म्हणून ओढ पृष्ठभागापुरतीच. मध्ये लाइट बिल आलं की पकड ढिली. फोटोला ठीक, आमचा वाघ मात्र सकाळी फरशीवर होता.

काळी चकती तेच फेराइट, पण भट्टीत भाजलेलं. पडली तर कपासारखी फुटते. मुळात लोखंडाचा ऑक्साइडच, त्यामुळे गंजायचं भ्या नाही. चंद्रपूरच्या 47 अंशांचंही तिला काही वाटत नाही. चुंबकत्व जायला 450 अंशांच्या आसपास तापावं लागतं.

तिसरं चकचकीत निओडिमियम. निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचं मिश्रण, वरून निकेलचा मुलामा. शर्टाच्या गुंडीएवढं, पण बाप्पा, काय ओढ! मुलामा उडाला की गंजतं, आणि साधी जात 80 अंशांच्या वर कमजोर होऊ लागते. म्हणजे गरम गोंदाच्या ग्लू गननं चिकटवायची सोय नाही, एपॉक्सी गोंद घ्या. मला खरी धास्ती लेकरांची: अशी दोन चुंबकं पोटात गेली तर आतड्याच्या भिंती मध्ये चिमटतात, ऑपरेशनची पाळी येते. प्रवाशांबरोबर लहान मुलं असतातच. मी नको म्हटलं.

वाघाला काळ्या चकत्याच, एक नाही, दोन. दारावर वजन खाली घसरतं आणि त्याला धरतं ते घर्षण. चुंबक नुसतं दाराकडे दाबतं. एकच चकती असली तर वाघ गोल फिरून उलटा लटकतो.

विकताना फ्रिज कसा आहे ते विचारा. काही स्टेनलेस स्टीलच्या दारांना चुंबक धरतच नाही. अशा गिऱ्हाईकाला वाघाचं कीचेन दाखवा.